चार चुटक्यांची ती चौकट परत सुरू करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट यायची. तीन नाहीतर चार चुटके आणि प्रत्येकाखाली पाठवणाऱ्याचं नाव, इयत्ता, गाव. बास एवढंच. कोविडमध्ये पुरवणीची पानं कमी झाली तेव्हा ती चौकट गेली, ते आम्ही समजून घेतलं, तेव्हा लोक पेपर घरात घ्यायलाच घाबरत होते. पण नंतर पानं परत आली, राशिभविष्य आलं, रेसिपी आल्या, शब्दकोडं आलं, चौकट काही आली नाही. मी दोनदा पोस्टकार्ड टाकलं, एकदा भाच्याकडून ईमेल करवला, उत्तर नाही. म्हणून आता हे मोठं पत्र लिहायला बसलेय. छापलं नाही तरी चालेल पण पूर्ण वाचा ही विनंती.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ३३ वर्षं शिकवलं, १९८६ ला लागले आणि २०१९ ला रिटायर झाले. आता आठवड्यातून दोन दिवस गावच्या वाचनालयात मुलांचं कपाट सांभाळते आणि शनिवारी दुपारी जवळच्या वृद्धाश्रमात जाते, आठ-दहा पोरं सोबत घेऊन. तिथे आम्ही एकच काम करतो, वहीतले विनोद वाचतो.

वही म्हणजे काय ते सांगते. नोकरी लागली त्या वर्षी मी एक दोनशे पानी वही आणली आणि पेपरातले चुटके कापून गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवायला लागले. तेव्हा शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग, एक वर्ग लिहीत असताना दुसऱ्याला गप्प बसवायला काहीतरी लागायचं, त्यासाठी सुरुवात केली. नंतर सवयच लागली. आज अशा तीन वह्या झाल्यात आणि चौथी निम्मी. खळीमुळे पहिल्या वहीला कसर लागली होती, तेव्हा ती दोन दिवस उन्हात घालून सगळी पानं परत उतरवून काढली. यातले बरेचसे विनोद तुमच्याच पेपरातले आहेत, कात्रणाच्या मागच्या बाजूला कुठे बाजारभाव दिसतात, कुठे सिनेमाची जाहिरात.

आता लोक म्हणतात की विनोदाला काय कमी आहे, मोबाईल उघडला की शंभर येतात. तेच मला पटत नाही. का ते सांगते, पण आधी शाळेतली एक गोष्ट सांगू द्या, कारण माझा सगळा मुद्दा त्यातून आलाय.

आमच्याकडे कारखाने चालू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांची पोरं मधूनच वर्गात येऊन बसतात, मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की निघून जातात. नव्वदीच्या दशकात असाच एक मुलगा तिसरीच्या वर्गात आला, बीडकडचा. जोडाक्षर आलं की तिथे थांबायचा आणि पुस्तक मिटायचा, पुढे जायचाच नाही. मी धडे करून पाहिले, गोष्टी करून पाहिल्या, गोष्टीला तर तो घाबरायचाच कारण दोन पानं दिसली की त्याला वाटायचं हे आपल्याच्याने संपणार नाही. मग एक दिवस वहीतला हा विनोद त्याला दिला की उद्या परिपाठाला तू हा वाचायचास.

मास्तर : काय रे बंड्या, कोणाची वाट बघतोयस?
बंड्या : ग्रामपंचायतीची.
मास्तर : ग्रामपंचायतीची?
बंड्या : हो ना, खड्डे फार आहेत, बघूनच चालावं लागतं.

सगळी मजा "ग्रामपंचायतीची" आणि "खड्डे" यांच्यात, आणि दोन्ही शब्दांत जोडाक्षर. ते अडखळलं की विनोद गेला. दुसऱ्या कुणी मध्येच सांगितलं तरी गेला. पोराला हे आपोआप कळलं, मी काही समजावलं नाही. दोन दिवस तो झाडाखाली बसून ग्रा, ग्रा, ग्राम करत होता. तिसऱ्या दिवशी परिपाठाला उभा राहिला, वाचला, आणि शेवटच्या ओळीआधी एक क्षण थांबला. ते थांबणं मी शिकवलं नव्हतं. सगळी शाळा हसली. त्याच्यावर नाही हसली, त्याने हसवली. त्यानंतर तो रोज नवीन विनोद मागायला यायचा आणि मार्चमध्ये टोळी निघाली तेव्हा मी वहीतलं एक पान फाडून त्याच्या खिशात घातलं. ती वही आजही एका पानाने कमी आहे.

म्हणून मी म्हणते की चुटका ही वाचायला शिकवणारी सगळ्यात चांगली गोष्ट आहे. चार ओळी, म्हणजे कितीही कच्चा मुलगा असला तरी संपेल असं त्याला वाटतं, आणि शेवटची ओळ वाचल्याशिवाय हाती काही लागत नाही म्हणून तो मध्ये सोडत नाही. प्रश्नचिन्ह आलं की आवाज चढवावा लागतो, पूर्णविरामाला थांबावं लागतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे एका शब्दाचे दोन अर्थ असतात हे त्याला स्वतःला सापडतं. "वाट", "पाठ", "मान", "वर", "हार", "कर" हे शब्द व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहिले की पोरं जांभया देतात. पण "कविता पाठ केलीस का?" "हो बाई, कालपासून तिच्याकडे पाठच केलीय" हे ऐकल्यावर पहिली-दुसरीतलं पोर आधी गोंधळतं, मग शेजारच्याकडे बघतं, आणि मग एकदम चेहरा उजळतो, तो चेहरा मी ३३ वर्षं पाहिलाय, त्याच्यासाठी मी अजून दहा वर्षं नोकरी केली असती.

आता म्हाताऱ्या माणसांकडे येते. वृद्धाश्रमात पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं आम्ही त्यांना हसवायला चाललोय. पोरांनी चार-पाच विनोद वाचले, काही जण हसले, काही नुसते बघत राहिले. माण तालुक्यातल्या एक आजी आहेत, वय ८८, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्या म्हणाल्या, "हे तुमचं पुस्तकातलं झालं, आता माझं ऐका." आणि सुरू झाल्या.

काळी गाय काटे खाय, पाण्याला बघून उभी ऱ्हाय.

पोरांनी म्हैस सांगितलं, ट्रॅक्टर सांगितलं, एकाने जेसीबी सांगितलं. आजी मान हलवत बसल्या. उत्तर वहाण. काट्यातून चालते आणि पाणी आलं की पायातून काढून ठेवतात. मग बत्तीस चिरे त्यात नागीण फिरे, म्हणजे दात आणि जीभ. मग पाटील बुवा राम राम दाढीमिशी लांब लांब, म्हणजे कणीस. मग सगळे गेले रानात अन् झिपरी पोरगी घरात, म्हणजे केरसुणी. पोरांना केरसुणी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, त्यांच्याकडे प्लास्टिकचा झाडू, तेव्हा आश्रमाच्या मागच्या खोलीतून एक जुनी केरसुणी आणून दाखवली, ती बघितल्यावर मग हसली.

पुढच्या शनिवारी पाचवीतल्या एका मुलीने घरून स्वतः कोडं करून आणलं. "रोज रात्री भिंतीला लागून जेवतो, सकाळी सगळ्या घराला नाचवतो." आजींनी विचार केला आणि घड्याळ म्हणाल्या. मुलीने नाही म्हटलं पण उत्तर सांगितलं नाही, आठवडाभर थांबा म्हणाली. त्या आठवड्यात आजींनी आश्रमात सगळ्यांना विचारून विचारून हैराण केलं, शेवटी शनिवारी आम्ही दारात दिसल्याबरोबर आतूनच ओरडल्या, "मोबाईल! मेला मोबाईल!" वहीत आता पानाच्या डाव्या बाजूला आजीचे उखाणे, म्हणजे ही कोडी, आणि उजव्या बाजूला पोरांचे असे लिहायला सुरुवात केलीय. सगळ्या वयांसाठी विनोद कशाला म्हणायचं हे मला त्या दोन कोड्यांनी शिकवलं. एकीच्या कोड्यातली वस्तू दुसरीच्या घरात नाही, पण कोडं घालायची आणि सोडवायची मजा दोघींची तीच.

तिथेच एक आजोबा आहेत, अर्धांगवायूने बोलणं गेलंय. त्यांना ऐकून कळतं पण आमच्या विनोदांना ते फार हसायचे नाहीत, मला वाटतं मोठ्याने वाचलेलं त्यांना घाईचं होत असेल. मग मी शि. द. फडणीसांची हास्यचित्रं घेऊन गेले. फडणीसांचा जन्म १९२५ चा, आमच्या पिढीच्या शिक्षकांना ते बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतल्या चित्रांमुळे घरचेच वाटतात. त्यांच्या बऱ्याचशा चित्रांत एकही शब्द नसतो. आजोबा एक-एक चित्र पाच पाच मिनिटं बघत होते आणि मग खांदे हलायला लागले. शेजारी बालवाडीतली एक चिमुरडी बसली होती, तिला वाचता येत नाही आणि आजोबांना बोलता येत नाही, दोघं एकाच चित्रावर बोट ठेवून हसत होते. पान उलटायचं काम तिने घेतलं होतं आणि ती घाई करायची तेव्हा आजोबा डाव्या हाताने पान दाबून धरायचे.

आता माझी तक्रार. वर्षभरापूर्वी आमच्या वाचनालयात निर्लेखनाची यादी झाली, म्हणजे जीर्ण पुस्तकं दप्तरातून काढून टाकायची यादी. त्यात विनोदांच्या सगळ्या पातळ पुस्तिका होत्या. एसटी स्टँडच्या स्टॉलवर मिळायच्या त्या, पिवळट कागद, मध्ये दोन पिना, मुखपृष्ठावर हसणारा जाडा माणूस, लेखकाचं नाव नाही, साल नाही. मी म्हटलं या ठेवूया, तर एक सभासद म्हणाले, "बाई, टवाळा आवडे विनोद असं समर्थांनीच सांगून ठेवलंय." बाकीचे हसले आणि विषय संपला. ४० पुस्तिका रद्दीत गेल्या, मी त्यातल्या ११ वजनावर विकत घेतल्या.

समर्थांचं ते वाक्य नेहमी असं तोंडावर फेकलं जातं. पण त्याच दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा आहे, त्यात एकामागून एक मूर्खांची यादी आणि प्रत्येकाच्या शेवटी "तो येक मूर्ख". मी चौथीच्या वर्गात तो वाचायचे, सोपं करून, आणि पोरं प्रत्येक ओवीला घरातल्या कुणाला तरी ओळखून हसायची आणि मग हळूच स्वतःलाही ओळखायची. ज्याने हे लिहिलं त्याला हसण्याची ताकद माहीत नव्हती असं मी तरी मानणार नाही. आणि नाथांचं "विंचू चावला" भारूड कीर्तनात रंगतं तेव्हा पुढे पोरं बसलेली असतात, मागे म्हातारी माणसं, सगळी हसत असतात आणि काम क्रोध विंचू चावला हे कळतही असतं.

वाचनालयात विनोद नाहीच असं नाही. ड्युई पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या पद्धतीत, मराठी साहित्याचा नंबर ८९१.४६ आणि विनोदाला त्यापुढे ७, तो नंबर पाठीवर असलेली पुस्तकं आमच्याकडे दीड फळी आहेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आहेत, गडकऱ्यांचा बाळकराम आहे, चिं. वि. जोशी आहेत, अत्रे, पु. ल., मिरासदार, शंकर पाटील सगळे आहेत आणि असायलाच हवेत. पण ती माणसं स्वतः लहान मुलांच्या वाचनाला कमी समजत नव्हती हे विसरलं जातं. चिमणराव-गुंड्याभाऊ लिहिणारे चिं. वि. बडोद्याला पाली शिकवायचे आणि त्यांनी जातकातल्या गोष्टी निवडून मराठीत आणल्या. झेंडूची फुलं लिहिणाऱ्या अत्र्यांनी शाळेतल्या पोरांसाठी नवयुग वाचनमाला केली. एवढ्या मोठ्या माणसांना पोरांसाठी निवडून देणं हे हलकं काम वाटलं नाही. निवडून देणं हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, माझं सगळं म्हणणं त्या शब्दात आहे.

हास्यक्लबचंच बघा. आमच्या गावातही बागेत सकाळी आहे, मी जाते. याची सुरुवात १३ मार्च १९९५ ला मुंबईत लोखंडवाला भागातल्या एका बागेत झाली, डॉ. मदन कटारिया यांनी केली, पहिल्या दिवशी फक्त पाच माणसं होती. आणि सुरुवातीला ते काय करायचे, तर गोल करून एकेकाने विनोद सांगायचा. दोन आठवड्यांतच चांगले विनोद संपले. मग लोक घाणेरडे सांगायला लागले, दुखावणारे सांगायला लागले, काही जणांनी तक्रार केली, क्लब बंद पडायची वेळ आली. तेव्हा डॉक्टरांनी विनोदच काढून टाकला आणि बिनविनोदाचं हसणं, हास्ययोग सुरू केला, आणि ते जगभर गेलं. फार चांगलं झालं, माझा स्वतःचा दमा त्याने हलका वाटतो. पण पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या मनात आलं की पंधरा दिवसांत संपले कारण प्रत्येकाने फक्त डोक्यातले सांगितले. त्या बागेत कुणाकडे एक वही असती तर? माणसाच्या डोक्यात दहा-वीस विनोद राहतात. त्यापुढे संग्रह लागतो, आणि संग्रह कुणीतरी निवडून केलेला लागतो, नाहीतर जे पहिल्यांदा वर येतं ते घाणच असतं.

मोबाईलवर नेमकं तेच झालंय. माझ्या फोनवर रोज सकाळी पाच ग्रुपवर विनोद येतात. बायको कशी कटकटी, सासू कशी, कोण किती जाड, कोण किती काळी, कोण कसं बोलताना अडखळतं, गावाकडचा माणूस शहरात कसा बावळट. गेल्या वर्षी एका कार्यक्रमात सूत्रसंचालकाने असाच एक, जाड मुलीवरचा, माईकवरून सांगितला. पहिल्या रांगेत माझी एक माजी विद्यार्थिनी तिच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी सातवीतली, अंगाने जरा भरलेली. सगळे हसले तेव्हा तीही हसली आणि मग तिने पूर्ण कार्यक्रमभर ओढणी पोटावर धरून ठेवली. मी त्यांच्या मागेच बसले होते.

मी कुठल्याच विनोदावर बंदी घाला म्हणत नाही. शीख लोकांवरच्या विनोदांबद्दल २०१५ साली सुप्रीम कोर्टात याचिका झाली होती, असे विनोद थांबवा म्हणून. शीख मुलांना शाळेत चिडवतात, हे दुखणं अगदी खरं होतं. पण २०१७ मध्ये कोर्टाने सांगितलं की लोकांनी कसं वागावं याची नियमावली कोर्ट घालून देऊ शकत नाही. कोर्टाचं बरोबरच असेल, न्यायाधीश घरोघरी जाऊन विनोद तपासत बसणार आहेत का? पण मग हे काम करायचं कुणी? पूर्वी तुमच्या ऑफिसात कुणीतरी करत होतं. हजार पत्रं येत असतील, त्यातला एखादा माणूस बसून वाचत असेल, हा नको, हा शिळा, हा चालेल, हा छान, असं करत चार काढत असेल. त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही. पण माझ्या तीन वह्यांत एकही विनोद असा नाही की जो मला वर्गात मोठ्याने वाचता आला नाही, आणि ते माझ्यामुळे नाही, त्या माणसामुळे. ग्रुपवर असा माणूसच नाही. तिथे फक्त पुढे ढकलणारे आहेत.

आणि दुसरं, मोबाईलवरचा विनोद माणूस एकटा वाचतो. घरात चार माणसं चार फोन घेऊन बसलेली, एक जण फिसकन हसतो, बाकीचे मान वर करत नाहीत. फार तर "तुला पाठवलाय बघ" म्हणतो. पेपर एकच असायचा. रविवारी आमच्याकडे आधी आमचे हे अग्रलेख वाचायचे, मग पुरवणी पोरांकडे, मग चौकट मोठ्याने वाचली जायची कारण सासूबाईंना दिसत नव्हतं. सासूबाई प्रत्येक वेळी म्हणायच्या "हा जुना आहे" आणि प्रत्येक वेळी हसायच्या.

जुना असण्याचं काय घेऊन बसलात. भाच्याने मला सांगितलं आणि मग मी नीट माहिती काढली, ग्रीक भाषेत एक विनोदसंग्रह आहे, फिलोगेलोस नावाचा, म्हणजे हास्यप्रेमी, साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला, २६५ विनोद आहेत. त्यातला एक सांगते. बडबड्या न्हावी गिऱ्हाइकाला विचारतो, केस कसे कापू? गिऱ्हाईक म्हणतं, गप्प बसून. अजून एक. रोगी वैद्याला म्हणतो, झोपेतून उठलो की अर्धा तास चक्कर येते, मग बरं वाटतं. वैद्य म्हणतो, मग अर्धा तास उशिरा उठत जा. हे दोन्ही मी वृद्धाश्रमात वाचले, कुठून आलेत ते न सांगता. वैद्याच्या विनोदाला तर एक आजोबा म्हणाले, "आमच्या गावचा डॉक्टर असाच होता." दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे लिहून ठेवलं, लिहून ठेवलं म्हणून आमच्या शनिवारपर्यंत पोचलं. आणि आमच्या वाचनालयाने ४० पुस्तिका रद्दीत घातल्या.

लिहून ठेवलं तरी विनोद तसाच राहत नाही, हेही चांगलंच आहे. वहीत १९८९ चं एक कात्रण आहे. गुरुजी म्हणतात, "आई स्वयंपाक करते, याचा भविष्यकाळ सांग." बंड्या म्हणतो, "आम्ही जेवू." माझ्या नातीने, ती चौथीत आहे, तो वाचला आणि म्हणाली आजी हा बदलायला पाहिजे. मग तिने खाली लिहिलं, "बाबा स्वयंपाक करतात, याचा भविष्यकाळ? आम्ही बाहेर जेवायला जाऊ." तिचे बाबा खरंच रविवारी स्वयंपाक करतात आणि त्यांना हे वाचून दाखवल्यावर ते स्वतः इतके हसले की भाजी लागली, आणि संध्याकाळी बाहेरच जावं लागलं.

तर साहेब माझं मागणं एवढंच आहे. चौकट परत सुरू करा. रोज नको, रविवारची पुरे, चार चुटके, त्यातला एक तरी आजी-आजोबांनी सांगितलेला आणि नातवंडाने लिहून पाठवलेला, असा नियमच करा. खाली दोघांची नावं आणि गाव छापा. नाव छापून येणं काय असतं हे मला विचारा, १९९८ मध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलीचं नाव त्या चौकटीत आलं होतं, तिच्या वडिलांनी ते कात्रण फ्रेम करून पिठाच्या गिरणीत लावलं, गिरणी अजून आहे आणि फ्रेमही आहे, वर पिठाचा थर बसतो आणि ते रोज पुसतात.

मानधन वगैरे काही नको. निवडायला माणूस नसेल तर मी करते, माझ्यासारख्या रिटायर झालेल्या शिक्षिका प्रत्येक तालुक्यात आहेत, वर्गात काय चालतं काय नाही हे आम्हाला न सांगता कळतं. एखाद्या विनोदाने कुणाचं मन दुखेल असं वाटलं तर आम्ही तो बाजूला ठेवू, आणि एखादा आम्हाला कळलाच नाही तर पोरांना विचारू.

आणि वाचनालयाच्या लोकांनी हे वाचलं तर त्यांनाही एक विनंती आहे. निर्लेखनाच्या यादीत पातळ पुस्तिका दिसल्या तर टाकण्याआधी एकदा मुलांच्या कपाटात खालच्या फळीवर महिनाभर ठेवून बघा. दाखल नंबर नसला तरी चालेल. मी रद्दीतून आणलेल्या ११ पैकी सात सध्या घरोघरी फिरतायत, दोनच्या पिना निघाल्यात, त्या मी दोऱ्याने शिवल्यात.

पत्रासोबत पहिल्या तीन रविवारांना पुरतील असे बारा चुटके आणि उखाणे पाठवतेय, सगळे मुलांच्याच अक्षरात आहेत. टाईप करताना शुद्धलेखन सुधारलं तरी हरकत नाही. फक्त सातव्या चुटक्यात शेवटच्या ओळीआधी दोन ओळी कोऱ्या सोडल्यात, ते चुकून नाही झालेलं, पोराने मुद्दाम सोडल्यात, वाचणाऱ्याने तिथे थांबावं म्हणून. तेवढी जागा तशीच ठेवा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. सातारा